गाडी आमची, बॅटरी त्यांची

२००७ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. चार दिवस गावी राहून आम्ही एस.टी.ने परत आलो होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे धाकट्या बहिणीला स्टेशनवरून आणायचं म्हणून गाडीत बसलो, किल्ली फिरवली, आणि बॉनेटखालून 'कट्' असा एकच आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा 'कट्'. गाडी घेऊन जेमतेम नऊ महिने झाले होते. शेवटी बहीण रिक्षाने घरी आली आणि दारात उभ्या असलेल्या नव्या गाडीकडे बघून काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायरी जोडून आमची गाडी सुरू केली आणि ज्या शोरूममधून घेतली होती तिथे नेली. काउंटरवरचा मुलगा अदबीनं म्हणाला, ''सर, वॉरंटी आहे ना! पण ती गाडीची. गाडी आमची, बॅटरी त्यांची.'' 'त्यांची' म्हणजे बॅटरी बनवणाऱ्या कंपनीची. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बॅटरी दोन दिवस ठेवून घेतली, चार्ज केली, तपासली आणि परत दिली. बॅटरीत दोष नाही, गाडीचं चार्जिंग बघून घ्या, असं सांगितलं. शोरूमच्या वर्कशॉपनं चार्जिंग बघितलं आणि जॉब कार्डावर लिहिलं, 'दोष आढळला नाही'. बॅटरीत दोष नाही, गाडीत दोष नाही, आणि गाडी सुरू होत नाही! जून आणि जुलैत पुन्हा तेच घडलं. जुलैत बॅटरी कंपनीनं बदलून द्यायला साफ नकार दिला. कारण दिलं, बॅटरी वारंवार पूर्ण उतरवली गेली आहे, हा उत्पादनातला दोष नव्हे.

मी इतिहासाचा मास्तर. कुणी 'हे असंच असतं' म्हणालं की ते केव्हापासून असं आहे, हे शोधायची खोड मला आहे. बॅटरी गाडीची नव्हे, हे कुणी आणि कधी ठरवलं? आज त्या शोधाबद्दल बोलायचं आहे. माझ्या बॅटरीचं पुढे काय झालं ते ओघात येईलच.

शिशाची बॅटरी मोटारीपेक्षा जुनी आहे. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानं ती १८५९ मध्ये केली आणि कामिय फोर यानं १८८१ च्या सुमारास प्लेटांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन ती कारखान्यात करण्याजोगी बनवली. आजही आपल्या बॉनेटखाली तीच आहे. एका बाजूला शिसं, दुसऱ्या बाजूला शिशाचं डायऑक्साइड, मध्ये पातळ केलेलं गंधकाम्ल. असं एक घर सुमारे दोन व्होल्ट देतं, सहा घरं ओळीनं जोडली की बारा. वीज काढली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसतं, भरली की ते विरतं. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर हे सल्फेट टणक होतं आणि मग कितीही वीज दिली तरी पुरतं विरत नाही. गॅरेजवाले म्हणतात, 'बॅटरी बसली'. गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात, कारण तिच्याकडून काही सेकंद प्रचंड प्रवाह हवा असतो. तासन् तास थोडी थोडी वीज देत राहणं हे तिचं काम नव्हे. दहा-पाच वेळा पूर्ण उतरली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. हे शास्त्र मला पुढे उपयोगी पडलं.

सुरुवातीच्या पेट्रोल गाड्या हँडल मारून सुरू करायच्या. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. मनगटाच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला डॉक्टर लोक 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात, ते नाव तिथून आलं. अमेरिकेतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग यांनी यावर उपाय काढला. ते पूर्वी गल्ल्याच्या यंत्रांच्या कारखान्यात होते. तिथे गल्ला उघडायला छोटी विजेची मोटर त्यांनी बसवली होती आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. मोटरीला क्षणभरच काम करायचं असेल, तर तिच्या ताकदीबाहेरचा भार तिच्यावर टाकता येतो. इंजिनाला धक्का द्यायलाही क्षणच पुरतो. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत त्यांचा सेल्फ-स्टार्टर आला. आपण अजून 'सेल्फ मारला' म्हणतो, तो हा सेल्फ. त्या दिवसापासून बॅटरीवाचून गाडी म्हणजे नुसता सांगाडा, अशी स्थिती आली.

पण बॅटरीचा धंदा मोटारीच्या धंद्याहून वेगळाच राहिला. अमेरिकेत बॅटरी कंपन्यांची स्वतःची सर्व्हिस स्टेशनं निघाली. क्लीव्हलंडच्या विलर्ड या बॅटरी कंपनीनं तर १९२३ मध्ये स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू केलं. त्या काळचे रेडिओ संच बॅटरीवर चालत आणि गाण्यांच्या निमित्तानं बॅटऱ्या खपत. रेडिओवर बॅटरीविषयी बोलण्यात मी काही नवीन करत नाही, एवढाच याचा अर्थ!

मला हवा होता तो कागद या काळातला आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या मोटार कारखानदारांच्या संघटनेनं वॉरंटीचा एक नमुना प्रचलित केला होता आणि अनेक कंपन्या तो जवळजवळ शब्दशः छापत. गाडीतला सदोष भाग ९० दिवसांत बदलून देऊ, असं त्यात म्हटलेलं असे. लगेच पुढे एक यादी असे. टायर, हॉर्न, प्रज्वलनाची उपकरणं, स्टार्टर, जनरेटर, बॅटरी, वेगमापक आणि तत्सम 'अॅक्सेसरीज' यांची कसलीही वॉरंटी आम्ही देत नाही, कारण त्यांची वॉरंटी सहसा त्यांचे त्यांचे उत्पादक वेगळी देतात. वाचून मी थक्क झालो. १९१२ पर्यंत बॅटरीला जोडवस्तू म्हटलं असतं तर चाललं असतं. सेल्फ आल्यावर ती गाडीचा प्राण झाली, पण कागदावर ती हॉर्नच्या शेजारी उभी राहिली. स्टार्टर आणि जनरेटर पुढे गाडीच्या वॉरंटीत आले, टायर आणि बॅटरी बाहेरच राहिले. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत तेच वाक्य जवळपास जसंच्या तसं होतं.

आता हा कागद इतका जोरकस का? त्यासाठी कायद्याच्या इतिहासात थोडं मागे जावं लागतं. १६०३ मध्ये इंग्लंडमध्ये एक खटला निकाली निघाला. एका सोनारानं शंभर पौंडांना एक खडा विकला आणि तो 'बेझोआर' आहे असं सांगितलं. बेझोआर म्हणजे बोकडासारख्या प्राण्याच्या पोटात सापडणारा, विषावर उतारा समजला जाणारा खडा. आपल्याकडे जहरमोहऱ्याला असाच मान होता. खडा खोटा निघाला. न्यायालय म्हणालं, सोनार 'हा बेझोआर आहे' एवढंच बोलला. 'मी याची हमी देतो' असं बोलला नाही, तेव्हा दावा चालणार नाही. गिऱ्हाइकानं डोळे उघडे ठेवावेत, हा त्या काळचा न्याय. हमी नेमक्या शब्दात असली तरच हमी!

पुढची तीनशे वर्षं हा न्याय हळूहळू मवाळ होत गेला आणि त्याचं फळ आपल्याकडे १९३० च्या वस्तुविक्री कायद्यात उतरलं. त्यातलं सोळावं कलम सांगतं की विकलेली वस्तू सांगितलेल्या कामाला योग्य आणि बाजारात विकण्याजोगी असली पाहिजे, ही शर्त काही परिस्थितीत न लिहिताही गृहीत धरली जाईल. पण त्याच कायद्यात दोन बारीक गोष्टी आहेत. बाराव्या कलमात 'शर्त' आणि 'वॉरंटी' असा भेद आहे. शर्त मोडली तर माल परत करता येतो, वॉरंटी मोडली तर नुसती भरपाई मागता येते. आणि बासष्टाव्या कलमानुसार गृहीत धरलेल्या गोष्टी दोघांच्या स्पष्ट कराराने रद्दही करता येतात. आपण सगळे सर्रास 'गॅरंटी' म्हणतो ना? १८७२ च्या करार कायद्यात गॅरंटी म्हणजे दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणं! गॅरंटी-वॉरंटीचा हा घोळ दुकानदाराच्या पथ्यावर पडतो.

मोटारीच्या बाबतीत खरी कोंडी फोडली ती न्यूयॉर्कच्या न्यायालयानं, १९१६ मध्ये. मॅकफर्सन नावाच्या गृहस्थानं विक्रेत्याकडून ब्यूक गाडी घेतली. चाक लाकडी होतं, त्याचे आरे निखळले, गाडी कोसळली आणि तो जखमी झाला. ब्यूक कंपनीचा बचाव ऐका. एक, ग्राहकाशी आमचा करारच नाही, गाडी विक्रेत्यानं विकली. दोन, चाक आम्ही केलेलं नाही, दुसऱ्या कारखान्यातून आणलं. बॅटरीच्या काउंटरवर मी जे ऐकलं त्याचाच हा आजोबा! न्यायमूर्ती कार्डोझो यांनी दोन्ही बचाव फेटाळले. तुम्ही तयार गाडी बाजारात सोडली, तेव्हा ती तपासण्याची जबाबदारी तुमची. सुटा भाग कुणाचा हे सांगून सुटका नाही.

हा निकाल मात्र देहाला झालेल्या इजेचा होता. गाडी नुसतीच बंद पडली, कुणी जखमी झालं नाही, तर कागद होता तिथेच राहिला. १९५५ मध्ये न्यू जर्सीत हेनिंगसेन नावाच्या गृहस्थांनी पत्नीला भेट म्हणून प्लिमथ गाडी घेतली. ताब्यात आल्यावर दहाव्या दिवशी, ४६८ मैल धावलेली असताना, स्टिअरिंगनं दगा दिला आणि गाडी भिंतीवर आदळली. वॉरंटी होती ९० दिवस किंवा ४,००० मैल, जे आधी होईल ते. उपाय एकच: मोडका भाग वाहतूकखर्च भरून कारखान्याला पाठवा, आम्हाला पटलं तर बदलून देऊ. बाकी सर्व जबाबदारी नाकारलेली, तीही करारपत्राच्या पाठीवर बारीक टाइपात. जवळपास सगळ्या अमेरिकी कंपन्यांची वॉरंटी तीच असल्यानं ग्राहकाला निवड नव्हती. १९६० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की असा एकतर्फी कागद मूळची हमी पुसून टाकू शकत नाही. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेनं वॉरंटीसाठी स्वतंत्र कायदा केला आणि १९८२ मध्ये कनेटिकट राज्यानं सारख्या बिघडणाऱ्या नव्या गाडीसाठी पहिला 'लेमन लॉ' आणला.

आपल्याकडे तेव्हा गाडी मिळणं हेच भाग्य होतं. कुर्ल्याला होणाऱ्या फियाटसाठी, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीसाठी, लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. नंबर लागल्यावर बॅटरीबद्दल भांडणार कोण? उतरली तर चार पोरं बोलवायची आणि ढकलायची. बॅटरीवाला महिन्या-दोन महिन्यांनी बुचं उघडून डिस्टिल्ड वॉटर भरायचा, टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुऊन ग्रीस लावायचा. ग्राहक म्हणून आवाज उठवायला आपण शिकलो त्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत उभी केली, पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली आणि १९८६ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा आला. साध्या अर्जावर, वकिलाशिवाय दाद मागता येऊ लागली.

म्हणून मीही २००७ मध्ये ग्राहक मंचात जायचं ठरवलं. माझा एक वकील मित्र आहे. त्यानं फाइल चाळली आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं मारुती कंपनीच्या एका प्रकरणात निकाल दिला होता. क्लचच्या तक्रारीवरून ग्राहकाला गाडीच बदलून मिळण्याचा आदेश झाला होता, तो बदलून न्यायालयानं सांगितलं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची कबुली आहे, तेव्हा तेवढंच मागता येईल. ''म्हणजे वॉरंटीत जे लिहिलंय तेवढंच,'' मित्र म्हणाला, ''आणि तुझ्या वॉरंटीत बॅटरी नाहीच.'' दुसरी गोष्ट जास्त अडचणीची होती. दोष नुसता बघून कळत नसेल, तर मंच ती वस्तू प्रयोगशाळेत पाठवतो, फी तक्रारदारानं भरायची. प्रयोगशाळा काय सांगणार? बॅटरी चार वेळा उतरली, चार वेळा भरली, तिच्या प्लेटा आता खराबच असणार. पण त्या मुळात खराब होत्या की कुणी केल्या, हे प्लेटांवर लिहिलेलं नसतं. ''तू अडीच-तीन हजारांच्या बॅटरीसाठी भांडतोयस. कारण शोध, मग ये,'' असं म्हणून त्यानं फाइल परत केली.

कारण सापडलं आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बॅटरीवाल्याकडे. त्याच्याकडे एक मल्टिमीटर, एक हायड्रोमीटर आणि भरपूर वेळ होता. त्यानं आधी मला विचारलं, ''काका, गाडी रोज चालवता तेव्हा काही होत नाही ना?'' मी म्हटलं, ''नाही.'' ''बाहेरगावी गेलात की होतं?'' ''हो.'' त्यानं गाडी बंद करून दारं लावली, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली आणि मध्ये मीटर जोडला. गाडी झोपलेली असताना घड्याळाबिड्याळासाठी तीस-चाळीस मिलीअँपियर जाणं ठीक. काटा अर्ध्या अँपियरवर होता. ''बॅटरी चांगली आहे काका. रात्री कुणीतरी पितंय.''

मग त्यानं एकेक फ्यूज काढून बघितला. काटा हलेना. शेवटी डॅशबोर्डखालची एक वेगळी, पिवळ्या टेपनं गुंडाळलेली जोडणी त्यानं सोडवली आणि काटा एकदम खाली आला. ती चोरीच्या अलार्मची वायर होती. हिशेब सोपा आहे. अर्धा अँपियर गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला बारा अँपियर-तास, आणि आमची बॅटरी पस्तीसची. तीन दिवसांत कोरडी. रोज चालवली की तूट भरून निघायची, चार दिवस उभी राहिली की संपायची. बॅटरी कंपनीचं म्हणणं खरं होतं! दोष बॅटरीत नव्हता. वर्कशॉपनं अल्टरनेटर तपासला तेही खरं, तो उत्तम चालत होता. बंद गाडीत वीज कुठे जाते, हे मात्र कुणीच तपासलं नव्हतं.

आणि तो अलार्म? शोरूमनंच बसवलेला. गाडी घेताना 'पॅकेज' म्हणून सीट कव्हर, मॅट आणि अलार्म अशी पावती त्यांनी केली होती. ती घेऊन गेलो. व्यवस्थापकांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, ''सर, ही अॅक्सेसरी आहे. अॅक्सेसरीज वॉरंटीत येत नाहीत.'' ऐंशी वर्षांपूर्वीचा तो शब्द पुन्हा माझ्यासमोर बसला होता. तेव्हा त्यानं बॅटरीला बाहेर ठेवलं होतं, आता बॅटरीला मारणाऱ्यालाही बाहेर ठेवत होता.

या वेळी मात्र माझ्या हातात कारण होतं. बॅटरीवाल्यानं मीटरचे दोन्ही आकडे आणि तारीख बिलावर लिहून दिली होती. मित्रानं पत्राचा मसुदा केला. त्यात वॉरंटीचा शब्दच नव्हता. तुम्ही पैसे घेऊन जोडणीची सेवा दिलीत, ती सदोष होती आणि तिच्यामुळे माझी बॅटरी गेली. सेवेतली त्रुटी १९८६ च्या कायद्यात येते, असं सरळ लिहिलं होतं. दोन वर्षांची मुदत अजून शिल्लक आहे, हेही शेवटी नमूद केलं होतं.

कायदा पुढे सरकला आहे, तेवढं इथे सांगून टाकतो. २०२० च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. विक्रेत्यानं वस्तूत फेरफार केला आणि त्यातून हानी झाली तर तो जबाबदार, असं त्यात आहे. पण 'हानी'च्या व्याख्येतून त्या वस्तूचं स्वतःचं नुकसान वगळलं आहे. म्हणजे अलार्ममुळे गाडीला आग लागून कुणी भाजलं तर ते प्रकरण उघडेल. बॅटरी मेली तर जुन्याच वाटेनं, दोष आणि सेवेतली त्रुटी म्हणून जावं लागेल. आता राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ही सोय मोठी आहे. कंपनी आणि विक्रेता यांच्यातली रेघ मात्र ठळकच आहे. गोव्यात एका ग्राहकाला नवी म्हणून २००९ सालची, आधीच सहाशेच्या वर किलोमीटर फिरलेली गाडी दिली गेली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात विक्रेत्याची जबाबदारी कायम ठेवली, पण कारखानदाराला ती लागू केली नाही, कारण दोघांचा संबंध मालक-नोकराचा नसून व्यापाऱ्या-व्यापाऱ्याचा आहे. विजेच्या गाड्यांत चित्र उलटलं आहे. तिथे बॅटरी हीच गाडी, आणि आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी कंपन्या जाहिरातीत मिरवतात. गंमत म्हणजे त्या गाड्यांतही बहुधा बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. तिची वॉरंटी कुणाची, हे पुस्तिकेत नीट वाचून घ्यावं.

माझ्या पत्राला अकराव्या दिवशी फोन आला. शोरूमनं नवी बॅटरी बसवून दिली, अलार्म काढून टाकला, त्याचे पैसे परत दिले. किल्ली देण्याआधी एक कागद पुढे केला. 'कोणतीही जबाबदारी मान्य न करता, केवळ ग्राहकाशी असलेले सौहार्दाचे संबंध लक्षात घेऊन' बॅटरी देत आहोत, माझी काहीही तक्रार उरलेली नाही, अशा अर्थाचा. मी पुन्हा पुन्हा वाचला. ज्या चुकीचे आकडे माझ्या खिशात होते, तिचं नाव त्या कागदात कुठेच नव्हतं. बाहेर पावसात बायको छत्री घेऊन उभी होती. मी सही केली. घरी येताना तिला सांगितलं, तर ती म्हणाली, ''करायला नको होती.'' वकील मित्राचं म्हणणं उलट, ''तीन हजारांत तुला इतिहास बदलायचा होता का?'' दोघांपैकी कोण बरोबर, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. ती बॅटरी पुढे चार वर्षं चालली.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)